चौथ्या दिवशी पोचलेलं स्वातंत्र्य

रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक घरासमोरून खडखडत गेला, की बर्फ येणार हे मला फोन न बघताही कळतं. काल संध्याकाळी तो गेला. सकाळी उठून पाहते तर मागच्या अंगणातलं बाक, झाकून ठेवलेलं ग्रिल, शेजारच्यांची बाहेर विसरलेली सायकल, सगळं पांढरं झालेलं. डब्लिन म्हटलं की पुण्यातल्या माझ्या आत्तेबहिणीला अजून आयर्लंड आठवतं. मी तिला पंचवीस वर्षं सांगते आहे की हे ओहायोतलं, कोलंबसच्या शेजारचं, आणि इथे पाहायला येण्यासारखं फारसं काही नाही. फेब्रुवारीत तर मुळीच नाही. दिवसभर आकाश एकाच राखाडी रंगाचं असतं आणि घरात शिरलं की पहिली पाच मिनिटं बूट काढण्यात जातात. तरीही मला हा महिना आवडतो. सात वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीमुळे आवडतो, आणि ते कारण फार अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

त्या वर्षी रविवारच्या मराठी शाळेत माझ्याकडे मोठ्या मुलांचा वर्ग होता. एका चर्चच्या बेसमेंटमधल्या चार खोल्या आम्ही भाड्यानं घेतो, त्यातली कोपऱ्यातली. नऊ मुलं, दहा-अकरा वर्षांची. त्या खोलीचा वास मला अजून नाकात आणता येतो. हीटरवर वाळत टाकलेले लोकरी हातमोजे, खडूंच्या डब्यातला मेणाचा वास, आणि बाहेर कॉरिडॉरमधून येणारा आल्याच्या चहाचा. चहा डॉक्टर काका करायचे. काका इथे फार जुने, आमच्याही कितीतरी आधी आलेले. आयुष्यभर लोकांची हृदयं तपासून निवृत्त झाले आणि आता शाळेच्या किल्ल्या, थर्मास आणि चिवड्याचा डबा सांभाळतात. मुलांना सोडायला आलेले आईबाबा कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे आणि काका त्यांना न विचारता कप हातात द्यायचे.

मला शिकवायचा होता इतिहास. भारताचा, स्वातंत्र्यापासून पुढचा. शाळेनं दिलेल्या वहीत सनावळीचा एक तक्ता होता आणि त्याखाली रिकाम्या जागा भरायच्या होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मी स्वतः तशीच शिकले. नाशिकच्या आमच्या शाळेत इतिहास म्हणजे कारणे द्या, टिपा लिहा आणि नकाशा भरा. मी नकाशे सुरेख भरायची. समुद्राला निळ्या पेन्सिलीची कड काढून ती कापसानं पुसत न्यायची मला हौस होती, आणि बाई माझी वही वर्गात फिरवायच्या. इतिहासात मला कधी कमी मार्क पडले नाहीत. त्यातल्या एकाही माणसाला त्या दिवशी भूक लागली होती का, पाय दुखत होते का, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

इथल्या मुलांना पडला. म्हणजे आधी त्यांना कंटाळा आला. निखिल नावाचा एक चुणचुणीत मुलगा होता, त्यानं विचारलं की हे टेस्टला येणार आहे का. मी खरं सांगितलं, आपल्याकडे टेस्टच नसते. त्यावर नऊच्या नऊ पेन्सिली एकदम खाली ठेवल्या गेल्या. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. पुढच्या रविवारी बर्फ इतकं पडलं की चारच मुलं आली. चौघांसाठी तो तक्ता पुन्हा काढणं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, वह्या मिटा. घरी जाऊन आजी-आजोबांना फोन करा आणि विचारा, देशात हे सगळं चाललं होतं तेव्हा आपल्या घरातली माणसं काय करत होती. मग त्याचं चित्र काढा आणि खाली पाच ओळी मराठीत लिहा. बस्स, एवढंच. मी हे फार मोठा विचार करून केलं नव्हतं. चार मुलांचा तास कसा भरायचा, एवढीच अडचण होती.

त्यानंतरचे सहा रविवार मी कधी विसरणार नाही. निखिलच्या आजोबांनी घरी टेलिफोन यावा म्हणून नाव नोंदवलं आणि फोन आला तेव्हा त्यांची मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती. निखिलनं त्या टेलिफोनच्या तोंडूनच पत्र लिहिलं. 'मी येत आहे, थोडे थांबा,' अशी सुरुवात होती. दुसऱ्या एकीनं आजीच्या चाळीत आलेला पहिला टीव्ही काढला, तो भिंतीवर टांगलेला, पलंगाएवढा मोठा आणि कागदासारखा पातळ. समोर चाळीतली तीस माणसं मांडी घालून बसलेली. टीव्ही तसा नव्हता, तो लाकडी खोक्यातला होता आणि त्याला शटर असायचं, हे सांगायला माझी जीभ वळवळत होती. मी इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आज मी कुणालाही काही सुधारलं नाही. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

रेवाचं चित्र सगळ्यात मागे होतं. ही मुलगी दहा वर्षांची, दोन्ही खांद्यांवर वेण्या, आणि बोलणं अगदी मोजकं. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. तिची आई शिल्पा माझ्याच ऑफिसात, त्यामुळे घरचं थोडं माहीत होतं. रेवाचे आबा, म्हणजे शिल्पाचे वडील, जुन्नरजवळ राहतात, पोस्टातून निवृत्त झालेले. दर शनिवारी सकाळी रेवा त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते. आबांच्या आईची गोष्ट तिला तिथेच मिळाली. डोंगरातली वीस घरांची वाडी, पंधरा ऑगस्टचा दिवस, आणि आबांची आई दोन बायकांबरोबर नाचणीच्या शेतात खुरपत होती. देश स्वतंत्र झाल्याचं वाडीत कुणाला माहीतच नव्हतं. चौथ्या दिवशी बाजारातून मीठ घेऊन आलेल्या माणसानं सांगितलं, तेव्हा कळलं. आबा तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांना हे आईनं सांगितलं, शेताच्या बांधावर, आणि ते अकरा वर्षांचे असताना ती गेली. तिचा एकही फोटो नाही. फोटो काढायला तिला जुन्नरला कोण नेणार होतं?

हे सगळं रेवानं मला एका दमात सांगितलं, इंग्रजीत. मग मराठीत म्हणाली, "आबांना ती ओळखू आली पाहिजे." तिनं हे चित्र एवढं मनावर का घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं. ती गेल्यानंतरच्या पन्नासाहून जास्त वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या बाईचं चित्र काढत होतं, आणि काढणारीनं तिला पाहिलेलं नव्हतं.

दर शनिवारी ती आबांना प्रश्न विचारायची आणि रविवारी येऊन चित्रात भर घालायची. लुगडं कोणत्या रंगाचं? हिरवं, पण धुऊन धुऊन उडालेलं. मग रेवानं तो हिरवा रंग आधी भरला आणि ओल्या टिश्यूनं पुसून पुसून उडवला. पदर कुठे? डोक्यावरून घेऊन कमरेला खोचलेला. पायात काय? काही नाही. पाऊस होता का? भुरभुर होती, म्हणून पाठीवर पोत्याची खोळ. पोत्याची खोळ म्हणजे काय हे तिला दाखवायला मी बटाट्याची रिकामी गोणी घरून नेली, आणि एक कोपरा आत दुमडून निखिलच्या डोक्यावर चढवली. वर्गात खूप हसणं झालं. रेवा हसली नाही. गोणीला पडलेल्या घड्या ती बघत होती.

चित्र पूर्ण झालं तेव्हा त्यात तीन बायका होत्या, तिघीही पाठमोऱ्या, वाकलेल्या. बाकी सगळं शेत, करडं आकाश आणि कोपऱ्यात एक खोपटं. खाली पाच ओळी. 'आज पंधरा ऑगस्ट आहे. माझी पणजी काम करते आहे. तिला काही माहीत नाही. चार दिवसांनी कळेल. आज नाचणी महत्त्वाची आहे.' मी त्या ओळी वाचल्या आणि छान म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या वेळी चित्र थोडं उदास वाटलं, जरा अपुरंही.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी गावच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. आदल्या आठवड्यात डॉक्टर काका सगळी चित्रं बघून गेले. त्यांना मनापासून आवडली. टेलिफोनचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. रेवाच्या चित्रासमोर थांबून मात्र म्हणाले की वैशाली, लायब्ररीत अमेरिकन लोकही येतील, त्यांना हे स्वातंत्र्याचं चित्र आहे हे कसं कळणार? एखादा झेंडा असता तर बरं झालं असतं. एवढंच बोलून ते चहा बघायला गेले. त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं.

केलं मी. चित्रं माऊंट करायला घरी आणली होती. आमच्या पिढीला रफ वही आणि फेअर वही अशा दोन वह्या असायच्या, आणि लोकांसमोर जायची ती फेअरच. आमच्या आयाही आमची चित्रं रात्री निस्तरून द्यायच्या, सकाळी बाईंना दाखवायला. त्यात फसवणूक आहे असं कुणाला वाटत नसे, ती माया होती. मीही मायेनंच बसले. कुणाची वेडीवाकडी चौकट पट्टीनं सरळ केली, कुणाचं फिकट अक्षर पेनानं गिरवलं. आणि रेवाच्या खोपटावर, परवानगीची आठवणसुद्धा न होता, पर्मनंट मार्करनं एक काठी आणि छोटासा तिरंगा काढला. हात माझा चांगला आहे. झेंडा अगदी फडकल्यासारखा आला. मी चित्र लांब धरून पाहिलं आणि समाधानानं पुढचं हातात घेतलं.

शनिवारी नऊ वाजता आम्ही हॉलमध्ये चित्रं लावायला लागलो. साडेदहाला लोक येणार होते आणि त्याच वेळी, तिकडे रात्रीचे आठ असताना, रेवा आबांना फोनवर चित्र दाखवणार होती. आबा संध्याकाळपासून चार्जिंग लावून बसलेत, असं शिल्पा सांगत होती. मी टेबलांवरच्या चादरी सारख्या करत होते. कुणी हाक मारली नाही, तरी पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले. रेवा चित्र दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती.

"तू काढलास हा झेंडा?"

मी हो म्हटलं. छान दिसतो ना, असंही बहुतेक म्हटलं.

"बट दे डिडन्ट नो येट, मावशी."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, मी मोठ्या माणसासारखी समजूत घातली असती. ती नुसती सांगत होती, मला ही साधी गोष्ट माहीत नसेल म्हणून. आणि मला खरंच ती माहीत नव्हती. सहा रविवार ती मला तेच सांगत होती, पाच ओळींत लिहूनही दिलं होतं, आणि मी छान म्हणून पान उलटलं होतं. माझे कान गरम झाले. मी मार्कर पुसला जातो का पाहिलं, तो जाणार नव्हता. वर पांढरा कागद चिकटवू का विचारलं. ती म्हणाली, मग तिथे भोक पडल्यासारखं दिसेल. नवीन काढायला वेळ नव्हता. सव्वानऊ झाले होते.

मला वाटलं ती चित्र घेऊन घरी जाईल आणि पुन्हा कधी शाळेत येणार नाही. मी शिल्पाला शोधत होते. रेवा मात्र टेबलाशी गेली, माझ्या छापून लॅमिनेट केलेल्या पाट्यांच्या ढिगातून एक कोरं कार्ड काढलं आणि माझ्याकडे येऊन विचारलं, "'इट वॉज नॉट देअर' हे मराठीत कसं म्हणायचं?"

आयुष्यात मी पुष्कळ डिक्टेशनं घातली. त्या दिवशीचं सगळ्यात लहान होतं. मी म्हटलं, "तो तिथे नव्हता." तिनं ते लिहिलं, ओळ खाली उतरत गेली. मग वरची ओळ तिनं स्वतःच्या मनानं लिहिली. 'हा झेंडा वैशाली मावशीने काढला आहे. तो तिथे नव्हता.' कार्ड चित्राच्या खाली बरोबर मध्यावर चिकटवलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं, ठीक आहे ना अशा अर्थानं. मी मान हलवली. त्या कार्डातलं एकही अक्षर मी सुधारलं नाही, आणि हात पाठीमागे बांधून ठेवायला मला कष्ट पडले.

लोक आले. ते कार्ड सगळ्यांनी वाचलं, ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना ज्यांना येत होतं त्यांनी वाचून दाखवलं. मी शेजारीच उभी राहिले, कारण पळून जाणं बरं दिसलं नसतं. डॉक्टर काकांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "कल्पना माझी होती. माझंही नाव घालायला सांग तिला." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी खरंच जाऊन सांगितलं. रेवानं थोडा विचार करून नकार दिला, कारण काढणारी मी होते.

आता माझ्याकडे वेगळी मुलं आहेत. इतिहास मी अजून तसाच शिकवते, चित्रं आणि पाच ओळी. त्यातली मजा सांगून संपायची नाही. मागच्या महिन्यात एकानं रेशनच्या रांगेत उभ्या आजोबांना हातात फोन दिला, कारण फोन नसेल तर रांगेत ते इतका वेळ काय करत असतील हे त्याला सुचेना. मी ते तसंच भिंतीवर लावलं. मोठ्या घटनांचा इतिहास पुस्तकात आहे, तो कुठे जात नाही. आपण मात्र नेहमी मागाहून आलेले असतो, आणि आपल्याला जे आता माहीत आहे ते त्या माणसांच्या छपरावर रोवून यायची आपल्याला फार घाई असते. मला तर जास्तच. रेवा आता सतरा वर्षांची आहे, स्वतः गाडी ड्राइव्ह करते. मध्ये दुकानात भेटली तेव्हा तिनं मला मिठी मारली आणि मी उगीचच माझे केस सारखे केले. तिच्यासमोर मला अजून थोडं विद्यार्थ्यासारखं वाटतं, आणि ती मला फार आवडते.

पण त्या दिवशी साडेदहा वाजता काय झालं ते सांगायचं राहिलं. आबांचा फोन लागला. पांढरी टोपी, मागे कॅलेंडर, आणि चेहरा स्क्रीनच्या फार जवळ. रेवानं माझ्या हातात फोन दिला आणि ती चित्राशेजारी जाऊन उभी राहिली. मी फोन चित्रासमोर धरला. माझ्या मनात एकच, आता ते झेंड्याचं विचारतील. मी आधीच सांगून टाकलं, आबा, तो झेंडा चुकून माझ्याकडून झाला. त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाले, जरा खाली घ्या. अजून खाली. मधली बाई दाखवा. मी फोन इतका जवळ नेला की पडद्यावर नुसतं उडालेलं हिरवं लुगडं आणि गोणीच्या घड्या राहिल्या असतील.

आबांचा चेहरा स्क्रीनच्या आणखी जवळ आला. शिल्पाही वाकून बघायला लागली.

रेवानं विचारलं, मराठीत, "आबा, ही ती आहे का? मला तिचा चेहरा माहीत नव्हता."

"चेहरा आता मलाही आठवत नाही, बाळ," आबा म्हणाले. "मी बांधावर बसलेला असायचो. मला दिवसभर हीच दिसायची. ही पाठ."